तिवरांचे रान आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात शिष्यवृत्त्यांविषयी बोलावे, वधूवर-सूचक कार्याविषयी बोलावे, फार तर ज्ञातीच्या इतिहासाविषयी बोलावे, अशी आपली प्रथा आहे. तेथे आम्ही चिखलात उगवणाऱ्या झाडांची कथा सांगावयास उभे राहिलो, ह्याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु ह्या विषयाचा मंडळाशी निकटचा संबंध आहे. नियोजित विद्यार्थिवसतिगृहासाठी कार्यकारिणीने ज्या जागा पाहिल्या, त्यांत सर्वांत स्वस्त जागा खाडीकाठची आहे. ती घ्यावी की न घ्यावी हे पुढील सर्वसाधारण सभेत ठरावयाचे आहे. मत देण्यापूर्वी अशा जागेवर मुळात काय होते आणि ते नाहीसे कसे झाले, हे प्रत्येक सभासदास ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने आम्ही बोलत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे खाडीच्या काठची. घराची पायरी उतरली की माड, माडांपलीकडे भाताचे खाजण, खाजणाचा बांध आणि बांधाबाहेर तिवर, अशी तेथील रचना. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज असत. आज ह्या सर्वांस मिळून खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या सुमारे २० जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या चिपीस राज्य शासनाने २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला.

ह्या झाडांचा जीवनक्रम समजला म्हणजे त्यांच्यावरील संकटही समजते. खाडीच्या गाळात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची मुळे गाळातून बोटाबोटाएवढी वर डोके काढतात आणि ओहोटीच्या वेळी त्या वाटेने श्वास घेतात. पाण्याबरोबर आलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकण्याची युक्तीही तिवरास साधली आहे. उन्हात त्याच्या पानावरून बोट फिरविले तर मिठाचे कण लागतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे खाली लोंबू लागते. गळून पडल्यावर ते जागीच गाळात रोवले जाते, किंवा भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरते. ह्या साऱ्या व्यवहाराचा आधार एकच : नित्य येणारे आणि नित्य परतणारे भरती-ओहोटीचे पाणी. त्याची वाट बुजविली की मुळे गुदमरतात आणि उभे रान वाळून जाते. कुऱ्हाडीची त्यास गरजच पडत नाही.

येथे कोणी म्हणेल, आपल्या वाडवडिलांनी तिवर तोडले नाहीत काय? अवश्य तोडले. चुलीस सरपण आणि गुरांस पाला तेथूनच येई. समुद्र मागे सारून खाजणे काढली, तीही तिवरांच्याच जागेवर. परंतु जाणत्या शेतकऱ्याने बांधाबाहेरचे तिवर राखले, कारण लाटेचा मार ते आपल्या अंगावर घेत व बांधाची माती टिकून राही. बांधास उघाडी असे. पावसाचे पाणी ओहोटीस तिच्यातून बाहेर पडे. फांद्या तोडल्या तरी गाळ आणि भरतीची वाट शाबूत असल्यामुळे रान पुन्हा वाढे. आज मात्र पाडलेल्या इमारतींचा राडारोडा गाड्यांनी आणून रात्रीत ओतला जातो. त्याखाली मुळे गाडली जातात, खाडीचे फाटे बुजतात, आणि रान मेले की येथे काहीच नव्हते असे म्हणावयास लोक मोकळे होतात.

ह्यात हानी कोणाची होते? प्रथम मासळीची. गळालेली पाने कुजून जे अन्न तयार होते त्यावर खाडीतील सूक्ष्म जीव पोसतात, आणि कोळंबी, चिंबोरी, बोय, जिताडा यांची पिले मुळांच्या जाळीत आसरा घेऊन वाढतात. दुसरी हानी आपल्या घरादारांची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. इतका पाऊस कोणत्याही शहरास जड गेला असता, हे खरे. परंतु माहीमच्या खाडीलगतच्या ज्या दलदलीत मिठी नदीचे पाणी पसरत असे, तिच्या मोठ्या भागावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. पाण्यास पसरावयास जागा उरली नव्हती; ते वस्त्यांत शिरले. याउलट अनुभव ओरिसाचा. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यातील ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तेथे मनुष्यहानी कमी झाली, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी खारफुटीच्या तोडीस आणि तीवर भराव टाकण्यास राज्यभर मनाई केली. जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटीपासून ५० मीटरांच्या आत बांधकाम नको असे सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने ती मनाई कायम झाली, आणि खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील घाला ठरला. २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. २०१५ साली ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे राज्यात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर खारफुटी आहे. तथापि मोठ्या प्रकल्पांसाठी न्यायालयाच्या परवानगीने तोड होतेच. २०२२ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी सुमारे २२,००० झाडांच्या तोडीस मुभा मिळाली. मोबदल्यात अन्यत्र रोपे लावितात. पण एका खाडीचे काम दुसरी खाडी करीत नाही.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. अलिबाग आणि पेण तालुक्यांत कित्येक बांध फुटून खारे पाणी भातशेतीत शिरले, आणि त्यामागोमाग तिवर उगवले. शेत गेले, आणि वर झाडास हात लावण्याची चोरी! त्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. परंतु त्याचा दोष तिवरावर नाही, वेळेवर न झालेल्या डागडुजीवर आहे. पूर्वी गाव मिळून बांध घालीत असे. आज गावात हात कमी आणि सातबाऱ्यावरील नावे मुंबई-पुण्यात. त्या नावांत आपलीही नावे आहेत, हे विसरता कामा नये.

आता वसतिगृहाच्या जागेविषयी. खाडीकाठची जमीन स्वस्त का मिळते, हा प्रश्न खरेदीदाराने स्वतःस विचारावा. आमच्या मते ती जागा मंडळाने घेऊ नये. भरावाखाली तिवर गाडलेले निघाले तर बांधकाम अडेल, आणि निवृत्त शिक्षकाने व विधवा भगिनीने विश्वासाने दिलेली वर्गणी कज्जात अडकेल. बांधकाम न अडले, तर ते अधिक वाईट. ज्या मुलांच्या विद्येसाठी आपण झोळी फिरवितो, त्यांस आषाढाच्या उधाणात खोलीतले पाणी उपसावयास लागेल, आणि आपण अडविलेले पाणी शेजारच्या वस्तीतही चढेल. दोन खोल्या कमी झाल्या तरी चालतील. जागा उंचावरची व निर्वेध असावी.

ह्याशिवाय आमची दोन मागणी आहेत. ज्यांची गावी खाजणे आहेत त्यांनी ह्या वर्षी गावी जाऊन बांध व उघाडी पाहावी, आणि दुरुस्तीसाठी खारभूमी विभागाकडे गावकऱ्यांसह लेखी अर्ज करावा. आणि खाडीत राडारोडा पडताना दिसला तर तारीख, वेळ व ठिकाण टिपून तहसीलदारांस व कांदळवन कक्षास कळवावे. एकट्यास भय वाटत असेल तर मंडळाने आपल्या शिक्क्यानिशी पत्र द्यावे. मंडळ असते ते अशाच कामासाठी.

आपले पूर्वज खाडीकाठी राहिले ते पाण्याची येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून. तेवढी वाट आपणही मोकळी ठेवावी, अशी विनंती आहे.