संघातल्या माणसांचाही हिशेब ठेवूया

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मावळत्या अध्यक्षांनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सख्यांसाठी इथे देत आहोत.)



खुरपणीचा एक रोज बुडवून तुम्ही आज इथे आलात, म्हणून लांबण लावत नाही. अहवाल सचिव ताईंनी वाचला, जमाखर्च कोषाध्यक्ष ताईंनी मांडला. मी त्या अहवालात नसलेल्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे.

माझी सून एमआयडीसीत एका कंपनीत कामाला जाते. एकदा जेवताना ती सांगत होती, की पगारात चूक झाली, रजा हवी असली, कुणाशी वाजलं, नवीन मशीन आली आणि ती चालवता येईना, तर आधी एचआरकडे जायचं. एचआर म्हणजे कामावरच्या माणसांचं बघणारा विभाग. मग तिने मला विचारलं, "आई, तुमच्या संघात एचआर कोण?"

मी हसले. म्हटलं, "अगं, आमच्यात कसलं एचआर? आमच्यात सगळ्या आपल्याच."

बोलून गेले खरी, पण घास घशाखाली उतरेना. कारण त्याच महिन्यात आपली एक लेखापाल ताई काम सोडून गेली होती. ती "आपलीच" होती, म्हणून तर तिचं कुणीच बघितलं नव्हतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ती गोष्ट अर्धीच माहीत आहे. आज पूर्ण सांगते. तिला आधी विचारलंय, नाव न घेता सांगा म्हणाली.

चार वर्षं तिने गटांच्या वह्या लिहिल्या. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत दप्तर गुंडाळून ती वस्तीवर जायची. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, व्याज, सगळं तिच्या बोटांवर. पुढे नोंदी मोबाइलवर करायच्या असं ठरलं. आम्ही काय केलं? तरुण पोरीला लवकर जमेल म्हणून दुसऱ्याच एका मुलीला प्रशिक्षणाला पाठवलं आणि मासिक बैठकीत सगळ्यांसमोर फोन तिच्या हातात दिला. लेखापाल ताई तिथेच बसली होती. तिला त्या दिवशीपर्यंत काही सांगितलं नव्हतं. त्यात तिचं पाच महिन्यांचं मानधन थकलेलं. एकदा तिने विषय काढला, तेव्हा मीच म्हणाले, "अगं, घरचंच काम आहे, देऊ की." पुन्हा तिने तोंड उघडलं नाही. एक दिवस दप्तर ग्रामसंघाच्या कपाटात ठेवलं, चावी शेजारणीकडे दिली आणि ती यायची बंद झाली.

पुढे काय झालं ते ऐका. नव्या मुलीला फोन येत होता, पण वही येत नव्हती. वहीतल्या आणि मोबाइलवरच्या आकड्यांचा मेळ बसेना. एका गटाचा कर्जाचा प्रस्ताव बँकेतून परत आला, कारण नोंदी अपुऱ्या. ऐन पेरणीच्या तोंडावर त्या गटातल्या एका बाईने बियाणं-खतासाठी सावकाराचा दरवाजा गाठला. ज्या सावकारापासून सुटायला आपण गट काढले, त्याच्याच ओट्यावर आपली बाई पुन्हा जाऊन बसली. तिचा किंवा गटाचा त्यात काही दोष नव्हता. आम्ही एका माणसाला नीट वागवलं नाही, त्याची किंमत तिने मोजली.

मग आम्ही तिघी लेखापाल ताईच्या घरी गेलो. थकलेलं मानधन पाकिटात घालून नेलं होतं. तिने चहा दिला, पाकीट घेतलं आणि म्हणाली, "पैशाचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं. मी शिकले असते की फोन."

यावर काय बोलणार? मी माफी मागितली. ती पुन्हा त्या जागेवर आली नाही. आता ती शिवणकाम करते. पण महिनाभर येऊन तिने नव्या मुलीला वही शिकवली, आणि शिकवता शिकवता स्वतः फोनही शिकली.

सख्यांनो, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब या सगळ्यापुढे आपण "नियमित" हा शब्द लावतो. रुपया इकडचा तिकडे झाला तर आपण रात्री दहापर्यंत बसून शोधतो. पण कोणती बाई गप्प झालीय, कोण थकलीय, कुणाला आपलं काम काय तेच कळत नाहीये, याची नोंद कुठल्या वहीत असते?

कुणी म्हणेल, आपण काय कंपनी आहोत? आपण तर बहिणी-बहिणी. मी पण तेच म्हणायचे. आता लिज्जत पापडचं बघा. 15 मार्च 1959 ला मुंबईत, गिरगावात, सात जणींनी उसने घेतलेल्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. आज हजारो बायका त्यात आहेत. तिथेही पापड लाटणारीला बहीणच म्हणतात, आणि ती संस्थेची सभासद, म्हणजे मालकीणच असते. शाखा चालवणारी संचालिकाही त्यांच्यातलीच. पण नुसतं बहीण म्हणून ते चाललेलं नाही. पीठ मोजून न्यायचं, पापड लाटून आणायचे, माल तपासून द्यायचा आणि केलेल्या कामाची मजुरी घ्यायची, असे नियम सगळ्यांना सारखे. बहिणीचं नातं आहे म्हणून मजुरी उद्यावर ढकलायची, असं तिथे नाही. नातं आणि नियम दोन्ही लागतात. आपण नात्याच्या भरवशावर नियम विसरलो.

म्हणून गेल्या वर्षभरात आपल्या संघाने जे सुरू केलं, ते तुमच्याही ग्रामसंघात करा, असं मी सांगते.

पहिलं, काम लिहून द्या. लेखापाल असो, सीआरपी असो, मसाला केंद्रावरची बाई असो. एका कागदावर तिचं काम, वार, मानधन किती आणि कोणत्या तारखेला, अडचण आली तर कुणाला सांगायचं, एवढं लिहायचं आणि बैठकीत वाचून दाखवायचं. मानधन द्यायची तारीख आता आपल्या इतिवृत्तात ठरावाने नोंदवली आहे. उशीर होणार असेल तर आधी सांगायचं. "देऊ की" हा शब्द आपण बंद केलाय.

दुसरं, प्रत्येक कामाला जोडीदार द्या. एकीलाच सगळं येतं, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ती आजारी पडली, बाळंतपणाला गेली, तर संघ अडतो. आणि तिलाही सुटी घेता येत नाही.

तिसरं, बदल आणायचा असेल तर जिचं काम बदलणार तिला सगळ्यात आधी विचारा. मोबाइलवरच्या नोंदी असोत की मसाला केंद्रावरचं नवीन यंत्र. आधी सांगा, मग दाखवा, मग तिच्या हाताने करू द्या. काही महिने जुनं आणि नवं दोन्ही शेजारी-शेजारी चालू द्या. आम्ही आता वही आणि मोबाइल दोन्हींत नोंद करतो आणि महिनाअखेरीला ताळा घेतो. वेळ जास्त जातो, पण चूक तिथल्या तिथे सापडते आणि भीती मोडते. पन्नाशीतल्या दोघी जणी आता फोनवर नोंदी करतात. जमत नव्हतं असं नाही, कुणी शिकवलं नव्हतं.

चौथं, ऐकायची जागा करा. दर बैठकीत हिशेबानंतर दहा मिनिटं आपण ठेवली आहेत. कामाबद्दल जिला जे बोलायचं ते तिने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. पहिल्या दोन बैठका कुणी बोललंच नाही. तिसऱ्या बैठकीत एक सीआरपी ताई म्हणाली, की लांबच्या वस्तीवरून परत येताना अंधार पडतो. इतकी साधी गोष्ट, पण आम्हाला माहीत नव्हती. त्या वस्तीची बैठक आता सकाळी असते.

काही गोष्टी मात्र सगळ्यांसमोर बोलता येत नाहीत. कामाच्या ठिकाणी कुणी वाईट नजरेने बघितलं, नको ते बोललं, अंगचटीला आलं, तर त्यासाठी 2013 चा कायदा आहे. जिथे 10 किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते. तिची अध्यक्ष बाईच असते आणि निम्म्या तरी बायका असतात. माणसं 10 पेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते. आपल्या मसाला केंद्रावर समितीतल्यांची नावं भिंतीवर लावली आहेत. तुमच्या लेकी-सुना बाहेर कामाला जात असतील, तर त्यांनाही हे सांगा.

आणि पाचवं माझ्याबद्दल. मी सहा वर्षं या खुर्चीवर बसले. दरवेळी तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्हीच राहा," आणि मला ते गोड वाटलं. पण मी राहिले म्हणून दुसरी कुणी तयार झाली नाही. बँकेत कसं बोलायचं, पंचायत समितीत कुणाला भेटायचं, हे सगळं माझ्याच डोक्यात राहिलं. लेखापाल ताईची वही जशी तिच्याच बोटांवर राहिली, तसंच. चांगलं पुढारपण म्हणजे आपल्यामागे काम अडू नये, हे मला उशिरा कळलं. म्हणून आज मी खुर्ची सोडतेय. पुढच्या तीन बैठकांना नव्या अध्यक्षांबरोबर बँकेत आणि पंचायत समितीत जाईन, पण बोलतील त्या. मी मागे बसेन.

सुनेने पुन्हा विचारलं, "तुमच्या संघात एचआर कोण?" तर आता सांगेन, पगारी कुणी नाही, पण दर महिन्याला एकीची पाळी आहे. या महिन्यात ज्या बैठकीला आल्या नाहीत, त्यांच्या घरी जाऊन यायचं. रागवायला नाही, "का गं आली नाहीस?" एवढं विचारायला.

पुढच्या महिन्याची पाळी माझी आहे. कुणाच्या घरी चहाला येऊ, सांगून ठेवा.