पाठीमागचं घर

माझे वडील गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. संध्याकाळी रोकड दोन रुपयांनी जरी चुकली, तरी कीर्द पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली जायची. तोवर घरात पानं वाढली जात नसत. पुढं मी सीए झालो आणि बरीच वर्षं समजत राहिलो, की हिशेबनिसाची सचोटी घरच्या संस्कारांवरच ठरते. आज वाटतं, ते अर्धंच खरं होतं. का, ते अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीच्या उदाहरणावरून सांगतो.

कंपनीचं मुख्यालय मिसिसिपी राज्यातल्या क्लिंटन या लहानशा शहरात होतं. दुसऱ्यांच्या लाइन वापरल्याबद्दल ती मोठं भाडं भरायची. हा चालू खर्च; तो त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा व्हायला हवा. पण नफा घसरू लागला, तेव्हा त्या भाड्यातला मोठा भाग भांडवली खर्च म्हणून दाखवण्यात आला. भरलेलं भाडं ताळेबंदात मालमत्ता होऊन बसलं!

खोट्या नोंदी करणाऱ्यांत कंपनीतल्या हिशेबनीस बेटी व्हिन्सन होत्या. २००० मध्ये पहिली नोंद करायला सांगितली, तेव्हा त्या हादरल्या. राजीनामा लिहिला, पण दिला नाही. घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालत होतं. मग पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच.

त्याच कंपनीत सिंथिया कूपर अंतर्गत लेखापरीक्षणाच्या प्रमुख होत्या. त्या क्लिंटनमध्येच वाढलेल्या. कुणाच्या दडपणाला बळी पडू नकोस, ही आईची शिकवण. २००२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रात्री बसून नोंदी तपासल्या आणि संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना गाठलं. त्या जूनमध्ये कंपनीला ३८० कोटी डॉलरची गफलत जाहीर करावी लागली. २००५ मध्ये व्हिन्सनबाईंना पाच महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली.

एकीला संस्कार होते आणि दुसरीला नव्हते, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कूपरबाईंचंही घर त्यांच्याच पगारावर चालत होतं. चूक दोघींनाही कळली होती. पण कूपरबाईंना समितीकडे जायची वाट होती, सोबतीला माणसं होती. व्हिन्सनबाईंवर ज्यांचा हुकूम चालायचा, दडपणही त्यांचंच होतं. घरच्या शिकवणीनं मन अस्वस्थ होतं. पण त्या अस्वस्थतेचा नकार व्हायला पाठीशी कुणीतरी लागतं.

माझंच सांगतो. सीएची उमेदवारी, म्हणजे आर्टिकलशिप करत असताना मी न मोजलेल्या मालाच्या यादीवर मला सही करायला सांगितली गेली. मी कोपऱ्यावरच्या बूथवरून गावी फोन लावला. वडील म्हणाले, "सही करू नकोस. हाकललं तर घरी ये. भाकरी आहे." मी सही केली नाही. त्या दिवशी मला रोकड मोजायच्या शिस्तीपेक्षा ती भाकरी जास्त उपयोगी पडली.

म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलाला खोटं बोलू नको असं सांगाच. पण खरं वागून नोकरी गेली तर घर तुझंच आहे, हेही आजच सांगून ठेवा. आणि माझ्या व्यवसायातल्या ज्येष्ठांनो, ज्यांच्या घरी अशी भाकरी नाही, त्या मुलांसाठी आपल्या केबिनचं दार उघडं ठेवा.