शिवाजी पार्कचा वस्ताद



आम्ही मुंबईचे, गिरगावातल्या खोताच्या वाडीतले. आमच्या वाडीत जुनी लाकडी घरे आहेत. मधून अरुंद बोळ आहे. त्या बोळातही पोरे क्रिकेट खेळतात. पण मुंबईच्या क्रिकेटची मोठी तालीम म्हणजे दादरचे शिवाजी पार्क मैदान. तिथे वाढलेल्या एका खेळाडूची गोष्ट आज सांगतो.

त्यांचे नाव संदीप पाटील. जन्म १९५६ सालचा. वडील मधुसूदन पाटील हेही क्रिकेट खेळलेले. संदीपराव मुख्यतः फलंदाज; पण गोलंदाजीही करायचे. दोन्ही कामे करणाऱ्याला अष्टपैलू म्हणतात.

१९८१ च्या जानेवारीत भारताचा संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता. सिडनी शहरातल्या सामन्यात एक वेगवान चेंडू संदीपरावांच्या कानावर बसला. डोक्यावर टोप नव्हता. ते जागीच कोसळले. आता हा गडी बिचकणार, असे कुणालाही वाटले असते. पण पुढच्याच कसोटी सामन्यात त्यांनी १७४ धावा काढल्या! १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला. त्या संघातही ते होते.

पुढे खेळणे थांबले. पण स्वतःची कुस्ती सुटली तरी वस्ताद तालीम सोडतो का? तो पोरांना डाव शिकवतो. संदीपरावांनीही तेच केले. ते आफ्रिकेतल्या केनिया देशाच्या संघाचे प्रशिक्षक, म्हणजे वस्ताद झाले.

केनियाचा संघ लहान समजला जाई. कसोटी सामने खेळण्याचा मान त्याला नव्हता. २००३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा संघ त्यांच्याकडे खेळायला गेलाच नाही. ते गुण केनियाला आयते मिळाले, हे खरे. पण श्रीलंका, बांगलादेश आणि झिंबाब्वे यांना त्याने मैदानात हरवले. श्रीलंकेला तर ५३ धावांनी! केनिया शेवटच्या चार संघांत पोहोचला.

तिथे समोर कोण आले? भारत! एकीकडे आपला देश, दुसरीकडे आपले शिष्य. संदीपराव शिष्यांच्या बाजूला राहिले. ज्याला शिकवायचे, त्याच्याशी इमान राखायचे. भारताकडून सचिन तेंडुलकरांनी ८३ धावा काढल्या. तेही शिवाजी पार्कातच घडलेले! भारत ९१ धावांनी जिंकला. केनिया हरला, पण इतक्या वर पोहोचून हरला.

मंडळी, विद्या आपल्यापाशी ठेवली तर आपल्याबरोबरच संपते. दिली तर परक्या मुलखातही रुजते. तुम्ही आता वाचू लागला आहात. शेजारी कुणाला अजून अक्षर येत नसेल. आज रात्री त्याला हा धडा वाचून दाखवा. आणि उद्या त्याच्या हाती पाटी द्या.