चिलखताचें घर

सन १६५९ मध्यें प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज अफझलखानाच्या भेटीस गेले, त्या वेळीं त्यांच्या अंगरख्याच्या आंत चिलखत होतें, ही गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. परंतु भेटीपूर्वीं तें चिलखत कोणत्या पेटींत होतें, त्याची निगा कोण राखीत असे, असा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आज मी त्या पेटीविषयींच बोलणार आहें.

निमित्त अगदीं घरगुती आहे. माझा एक भाचा पोलिस खात्यांत आहे. गेल्या पावसाळ्यांत बंदोबस्त आटोपून तो दोन दिवस आमच्याकडे राहावयास आला. आल्याबरोबर त्यानें गाडीच्या डिकींतून एक फुगलेली पिशवी काढली आणि ती पायानें दिवाणाखालीं सारली. खेळाडू लोक कपडे नेण्यासाठीं वापरतात, तसली ती लांबट गोल पिशवी होती. तींत त्याचें गोळीरोधक जाकीट होतें. ओलें, मधोमध दुमडलेलें, आणि वर त्याचे बूट. मीं हटकलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामा, जें जाकीट बंदुकीच्या गोळीला भीत नाहीं, तें माझ्या बुटांना काय भिणार?"

त्याचें बोलणें ऐकून मीहि क्षणभर निरुत्तर झालों. पुढें या विषयावर जें मिळेल तें वाचूं लागलों, तेव्हां उमगलें कीं, चिलखत जितकें अंगावर झिजतें, तितकेंच तें पिशवींतहि झिजूं शकतें.

जुन्या लोखंडी चिलखताचा शत्रु एकच, तो म्हणजे गंज. गंज डोळ्यांस दिसतो, म्हणून त्याचा उपायहि वेळेवर होतो. युरोपांत कड्यांचीं चिलखतें वाळूच्या पिंपांत घालून तें पिंप लोळवीत, म्हणजे घासून गंज निघून जाई. आजचें मऊ जाकीट मात्र लोखंडाचें नसून धाग्याचें असतें. सन १९६५ मध्यें अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनींत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं ज्या तंतूचा शोध लावला, तो केव्हलर या नांवानें प्रसिद्ध आहे. अशा तंतूंच्या कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवले, म्हणजे गोळीचा वेग त्यांत पसरून जिरतो. हा तंतु बळकट खरा. पण उन्हांतील अतिनील किरणांनीं तो क्षीण होतो, आणि ओला झाला म्हणजे गोळी अडविण्याची त्याची शक्ति उणावते. म्हणूनच ते थर एका जलरोधक वेष्टणांत बंद केलेले असतात. वारंवार एकाच जागीं घडी पडली कीं थर सरकतात व चुरगळतात, आणि वेष्टणास बारीक चीर पडली तर घाम व पाणी आंत शिरतें. हें सर्व नुकसान आंतल्या आंत होतें. बाहेरून जाकीट नव्यासारखेंच दिसतें.

याचें एक दारुण उदाहरण सांगतों. झायलॉन नांवाचा दुसरा एक तंतु केव्हलरहूनहि सरस म्हणून गाजला होता. सन २००३ मध्यें पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील फॉरेस्ट हिल्स येथील एका पोलिस अधिकाऱ्याचें झायलॉनचें जाकीट गोळीनें भेदलें, आणि तो जबर जखमी झाला. जी गोळी त्या जाकिटानें अडवावयास हवी होती, तीच पार झाली होती. पुढें सरकारी चौकशी झाली. तींत वापरलेलीं १०३ जाकिटें तपासलीं, त्यांपैकीं ६० जाकिटांतून एक तरी गोळी आरपार गेली. उष्णता आणि दमट हवा यांनीं तो तंतु कुजत होता, आणि अंगावर घालणाऱ्यास त्याचा पत्ताहि नव्हता.

या धड्यानंतर सन २००८ मध्यें अमेरिकेनें नवी कसोटी ठरविली. तींत मऊ जाकिटें एका फिरत्या पिंपांत घालतात. आंत ६५ अंश सेल्सिअस उष्णता व शेंकडा ८० आर्द्रता असते. दहा दिवसांत पिंपाचे सुमारें ७२,००० फेरे होतात, आणि मग त्या जाकिटांवर गोळ्या झाडतात. जुन्या काळीं पिंप फिरे तें चिलखत उजळण्यासाठीं. आतां फिरतें तें त्याला छळून पारखण्यासाठीं. मीं भाच्याला म्हटलें, "अरे, उन्हांत तापलेली, पावसांत दमटलेली, खडबडीत रस्त्यावर हादरणारी तुझ्या गाडीची डिकी हें असलेंच एक पिंप आहे. कसोटीचें पिंप दहा दिवसांनीं थांबतें. तुझें तीन वर्षें फिरतें आहे." तो हंसला नाहीं.

मग आम्ही बॅग निवडावयास बसलों. त्यांत जें ठरविलें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट आकाराची. बॅग पाहून जाकीट दुमडावयाचें नाहीं. जाकीट पाहून बॅग घ्यावयाची. आम्ही जमिनीवर जुनें वर्तमानपत्र पसरलें, त्यावर जाकिटाचा एक भाग सपाट ठेवला व पेन्सिलीनें त्याच्या कडा आंखल्या. चारी बाजूंस दोन-दोन बोटें जागा अधिक सोडली. तो कागद घेऊनच दुकानांत गेलों. पुढचा व मागचा भाग एकावर एक, न दुमडतां राहतील, अशी चौकोनी, सपाट, तिन्ही बाजूंनीं चेन उघडणारी बॅग हवी. तोंड अरुंद असलें कीं जाकीट कोंबावें लागतें, आणि कोंबणें म्हणजेच घडी.

दुसरी गोष्ट वजनाची. सन २०२४ मध्यें आपल्या संरक्षण संशोधन संस्थेनें दिल्लीच्या आय. आय. टी.च्या साहाय्यानें 'अभेद' नांवाचीं हलकीं जाकिटें तयार केलीं. हलकीं म्हणून गौरविलेल्या या जाकिटांचें किमान वजनहि ८.२ व ९.३ किलो आहे. एवढा भार दोन टांक्यांवर टांगलेला पट्टा फार दिवस पेलणार नाहीं. पट्टा बॅगेच्या तळाखालून फिरवून शिवलेला असावा, जोडाच्या जागीं चौकोन व त्यांत फुली अशी शिवण असावी, आणि खांद्याचा पट्टा रुंद असावा. आम्ही दुकानदाराच्या परवानगीनें बॅगेंत दहा किलो ज्वारी भरली व भाच्यानें ती घेऊन दोन जिने चढउतार केली. एका बॅगेची शिवण दुसऱ्या जिन्यावरच उसवली.

तिसरी गोष्ट प्लेटांची. मोठ्या बंदुकीची गोळी अडविण्यासाठीं जाकिटांत सिरॅमिकच्या प्लेटा घालतात. त्या साधारण २५ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असतात. कठीण असल्या तरी त्या ठिसूळ असतात. हातांतून निसटून फरशीवर पडल्या तर वरचें आवरण शाबूत राहून आंत तडा जाऊं शकतो. अमेरिकन सैन्यांत असले तडे शोधण्यासाठीं प्लेटांचीं क्ष-किरणांनीं छायाचित्रें घेतात. आपल्या घरीं ती सोय कोठून असणार? म्हणून प्रत्येक प्लेटेस फोमचें अस्तर असलेला निराळा कप्पा हवा. कोपऱ्यांशीं व तळाशीं तें अस्तर जाड हवें.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, ती हवा व पाणी यांची. पावसाळा पाहून मनुष्य पूर्णपणें जलरोधक बॅग घेतो. परंतु घामेजलेलें जाकीट तींत कोंडलें, तर बाहेरचें पाणी आंत येत नाहीं, तसें आंतलेंहि बाहेर जात नाहीं. यास्तव बाहेरचें कापड पाणी न धरणारें असावें, पण बाजूस झांकण असलेली जाळीची खिडकी असावी. प्रवासांत झांकण लावावें, घरीं उघडावें.

आणखी दोन लहान सूचना. बॅग साध्या रंगाची असावी. आंत काय आहे हें सांगणारीं मोठीं अक्षरें तीवर असूं नयेत, कारण चोरासहि वाचतां येतें. आणि आंतल्या बाजूस एक कागद चिकटवावा. जाकिटाच्या चिठ्ठीवर तें तयार झाल्याची तारीख असते. ती त्या कागदावर उतरावी व दर महिन्यास तपासल्याची तारीख लिहावी. पुष्कळ कारखानदार मऊ थरांची हमी पांच वर्षांची देतात. ती केव्हां संपते, हें कपाट उघडतांच दिसलें पाहिजे.

मात्र बॅग कितीहि चांगली असली, तरी ती प्रवासापुरतीं घर आहे. कामावरून आल्यावर जाकीट बाहेर काढावें. खोळ निराळी करून कारखान्याच्या सूचनेप्रमाणें धुवावी, आंतील थर ओलसर फडक्यानें नुसते पुसावे. ते धुण्याच्या यंत्रांत घालूं नयेत, त्यांस इस्त्री करूं नये, आणि वाळविण्यासाठीं उन्हांत तर मुळींच ठेवूं नयेत. घरांतील सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागीं सपाट पसरावे. पूर्ण कोरडे झाल्यावरच बॅगेंत ठेवावे, आणि वर बूट, काठी, तेलाची बाटली, कांहींहि ठेवूं नये.

सन २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाल्यानंतर पोलिसांच्या जाकिटांविषयीं घरोघर चर्चा झाली. तीं कशीं विकत घ्यावीं, हें ठरविणें सरकारच्या हातीं असतें. परंतु विकत घेतलेलें जाकीट रात्रीं कोठें पडून असतें, हें पुष्कळदां आपल्याच घरच्या माणसांच्या हातीं असतें.

भाच्याचें तें ओलें जाकीट त्यानें खात्यांत दाखविलें व बदलून मागितलें. नव्यासाठीं आम्ही निवडलेली बॅग त्याच्या दिवाणखान्यांत, खालच्या फळीवर आडवी ठेवलेली असते. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, पूर्वीं तो निघतांना दारांत उभी राहून एकच प्रश्न विचारीत असे, "जाकीट घेतलेंस ना?" हल्लीं तो परत आल्यावरहि ती एक प्रश्न विचारते, "वाळत घातलेंस का रे?"