कागदाचा व्यापार आणि झाडांचे गणित

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित सारांश)



व्यापाराची चर्चा निघाली की आपण पोलाद, तेल, सोने यांविषयी बोलतो. कागद कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक मुलांची वही, औषधाचे खोके, कचेरीतील झेरॉक्सचा कागद यांपैकी काहीही समुद्रापलीकडून आलेले असू शकते. भारत आणि इंडोनेशिया यांच्यातील कागद व पुठ्ठ्याच्या व्यापाराचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

आसियान देशांशी झालेला वस्तुव्यापाराचा करार 1 जानेवारी 2010 पासून अमलात आला. त्यानुसार कागदावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले आणि 2014 पासून ते शून्यावर आले. अन्य देशांच्या कागदावर सर्वसाधारणपणे 10 टक्के शुल्क आणि इंडोनेशियाच्या कागदावर काहीच नाही, अशी स्थिती निर्माण झाली. त्या देशातून छपाईचा कागद, पुठ्ठा आणि तयार लगदाही येऊ लागला. आपला कागद तिकडे जाण्याचे प्रमाण त्या मानाने अल्पच राहिले. सर्व देशांकडून होणारी भारताची कागद-पुठ्ठ्याची आयात 2023-24 मध्ये सुमारे 19 लाख टनांवर गेली. त्यात चीनचा वाटाही वाढत गेला.

शासन स्वस्थ बसले, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर 2018 मध्ये इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूर येथून येणाऱ्या झेरॉक्सच्या कागदावर डम्पिंगविरोधी शुल्क लावले गेले. ऑक्टोबर 2022 पासून कागदाच्या आयातीची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. ऑगस्ट 2025 मध्ये खोक्यांसाठी लागणाऱ्या बहुस्तरीय कोऱ्या पुठ्ठ्यासाठी टनाला 67,220 रुपये, म्हणजे किलोला सुमारे 67 रुपये, अशी किमान आयात किंमत मार्च 2026 अखेरपर्यंत ठरवून देण्यात आली. गिरण्यांना दिलासा मिळाला. पण खोकी बनविणारे लहान कारखानदार आणि मुद्रक यांचा कच्चा माल महागतो, ही दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. तेही आपलेच बांधव आहेत.

मग मूळ दुखणे कोठे आहे? ते लाकडात आहे. सुमात्रा बेटावर बाभूळवर्गीय आणि निलगिरीची झाडे पाच-सहा वर्षांत तोडणीस येतात. तेथील सरकारने मोठ्या कंपन्यांना दीर्घ मुदतीने विस्तीर्ण वनजमिनी दिल्या आणि लागवडीशेजारीच अवाढव्य गिरण्या उभ्या राहिल्या. या स्वस्ताईचे मोल निसर्गाने चुकविले. नैसर्गिक जंगले तुटली, दलदलीच्या जमिनी कोरड्या पडल्या, आणि 2015 च्या वणव्यांचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरला. हा मार्ग आपल्याला नको आहे. आपल्या 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांनी लागणारे लाकूड शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावे, असे धोरण ठरविले. ते योग्यच होते.

परंतु धोरण कागदावर राहून चालत नाही. आंध्र-तेलंगणातील शेतकऱ्यांनी सुबाभूळ आणि निलगिरी लावून गिरण्या जगविल्या. भाव कोसळला की मात्र शेतकरी झाड काढून दुसरे पीक घेतो, तीन-चार वर्षांनी लाकडाची टंचाई होते, गिरणीचा खर्च वाढतो आणि परदेशी माल बाजार काबीज करतो. हे चक्र आयातशुल्काने तुटत नाही. लावणीच्या वेळीच खरेदीची आणि किमान भावाची हमी मिळाली, तरच ते तुटेल.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरची गिरणी बांबूच्या बळावर उभी राहिली. 2017 मध्ये वनकायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. शेतातील बांबू तोडण्या-नेण्यातील मोठा अडसर त्यामुळे दूर झाला. दुसरीकडे, इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाच्या कागद प्रकल्पासाठी रायगड जिल्ह्यातील धेरंड परिसरात 2023 मध्ये शासनाने जमीन दिली. काल ज्यांचा माल येत होता, ते आता येथे उत्पादन करू पाहत आहेत. रोजगाराचे स्वागतच आहे. परंतु अशा गिरण्यांचा लगदा जहाजातून येणार की विदर्भ-कोकणच्या शेतकऱ्याच्या बांधावरून, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. लगदा बाहेरचाच राहिला, तर परावलंबन संपणार नाही. ते केवळ गिरणीच्या एका दारातून दुसऱ्या दारात जाईल.

भारतात दरडोई कागदाचा वापर वर्षाला जेमतेम 15-16 किलो आहे. जागतिक सरासरी त्याच्या तिपटीहून अधिक आहे. शिक्षण वाढेल तशी ही मागणी वाढणारच. ती कोणी पुरवायची, हे आज लावलेल्या रोपांवरून ठरेल.

प्रत्येकाच्या हातून होण्यासारख्या गोष्टीही आहेत. घरची रद्दी ओली-मळकी न करता वेगळी ठेवा. चांगली रद्दी मिळाली, तर तेवढ्या प्रमाणात गिरणीला बाहेरून रद्दी मागवावी लागत नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पडीक बांधांवर बांबू लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांचे गट बांधावेत आणि गिरण्यांशी करार करताना त्यांच्या पाठीशी उभे राहावे. एकट्या शेतकऱ्याला गिरणी भाव सांगते. संघटित शेतकरी गिरणीशी भाव ठरवू शकतो.

शुल्काची भिंत आज हवी आहे, पण तिची मुदत केव्हातरी संपतेच. तोवर आपल्या बांधावरचा बांबू तोडणीला आला पाहिजे.