परसातला वाटा



आज जे सांगणार आहे त्याला शेत लागत नाही. आमच्या वारज्यात आता किती जणांकडे शेत उरलंय? १९९७ साली गाव महापालिकेत आलं आणि वावरांच्या जागी हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. पण दाराशी अर्धा गुंठा, कुंपणालगतची पट्टी, नाहीतर गच्ची बऱ्याच जणांकडे असते. तेवढ्यात घरापुरती भाजी निघते. फक्त ती आपल्या एकट्याच्या कष्टानं निघत नाही. हे मला नुकसान करून घेतल्यावर कळलं, म्हणून ते आधी सांगतो.

पावसाळ्यात मी लाल भोपळ्याचा वेल कुंपणावर चढवला होता. खाली मिरची, वांगी. मिरचीवर मावा पडला. दुकानातून औषध आणलं आणि सकाळी आठच्या सुमाराला सगळीकडे मारून टाकलं. वाटलं, मारतोच आहे तर वेलावरही मारू. मावा गेला खरा. पण पुढच्या आठवड्यात भोपळ्याची फळं अंगठ्याएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळून जायची. फळमाशी असेल म्हणून चिरून पाहिली, आत अळी नव्हती. शेजारच्या काकूंनी विचारलं, “अहो, यंदा फुलांवर माशा कशा दिसत नाहीत हो?” त्यांच्या वेलाचीही फळं गळत होती. पलीकडच्या घरचीही तीच कथा. औषध माझं आणि नुकसान तीन घरांचं!

त्याचं असं आहे. भोपळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ असतं, ते ओळखावं. नर फुलातले परागकण मधमाशीनं तिथं नेऊन पोचवले तरच ते फळ धरतं. हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मी औषध मारलं ते नेमकं माश्यांच्या कामाच्या वेळी. सातेरी माश्या आपल्याच भागातल्या, झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या. आपल्या पुण्यातच १९६२ साली मधमाशीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था सुरू झाली, आणि त्याच पुण्यात मी असा अडाणीपणा केला.

त्या वर्षी उरलेली फळं हातानं धरवली. सकाळी नुकतं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. दुधीचं मात्र उलटं आहे. त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तिथं पतंग काम करतात. म्हणून दुधीला हे संध्याकाळी करावं. पण रोज कोण करणार? माश्या हे फुकट करतात.

मग माव्याचं काय? आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मा मावा तिथंच धुऊन जातो. पानं उलटी करून बघा. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, दिसायला ओंगळ अळी दिसली तर ती चिरडू नका. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊन जगते. एवढं करूनही आवरलं नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून फवारा. तेही संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आणि फक्त कीड असलेल्या झाडावर.

कढीपत्त्यावर मात्र निंबोळी अर्कसुद्धा नको. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि बोट लावलं तर डोक्यामागून तांबडी शिंगं काढते. घाबरू नका. ती फुलपाखराची अळी आहे, दोन-तीन आठवडे पानं खाते आणि कोषात जाते. झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. मी दोन झाडं ठेवली आहेत. लहान रोपावरच्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडतो. २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. फुलं कितीही लावा, अळीला खायला पान नसेल तर फुलपाखरू आपल्याकडे अंडी घालणार नाही.

आता वारजेकरांना एक खास गोष्ट. आपलं स्मृतिवन पाहिलंत का? एकेकाळची उजाड टेकडी, १६.८ हेक्टर म्हणजे सुमारे चाळीस एकर. वनखात्यानं लोकांना बरोबर घेऊन ती हिरवी केली. २०२० साली ५ जूनला केंद्र सरकारनं दोनशे शहरांसाठी नगरवनाची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून हेच वन दाखवलं. पासष्ट हजारांवर झाडं, पाच तळी, २९ जातींचे पक्षी आणि १५ जातींची फुलपाखरं अशी तेव्हाची नोंद आहे. पण वनाभोवती आता सिमेंटच आहे. तिथून निघालेल्या पाखराला मधे टेकायला आपलंच परस. तुळस, झेंडू, शेवगा आणि कढीपत्ता एवढं असलं तरी पुष्कळ. मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा, मधे एक दगड ठेवा म्हणजे मधमाशी बुडत नाही. दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास पोसाल.

पाला जाळू नका. मोकळ्यावर पाला जाळायला कायद्यानंही बंदी आहे, तरी माघ-फाल्गुनात आमच्या रस्त्यावर धूर निघतोच. गरगोटीचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून कुजवलेल्या पाल्यावर पिकं घेण्याचा मार्ग लोकांना दाखवला. तसं इमारतीत सगळ्यांनी मिळून करा. तारेच्या जाळीचं कमरेएवढं कडं करा, त्यात वीतभर सुका पाला, वर बोटभर ओला भाजीकचरा, मूठभर माती आणि पाण्याचा शिपका. असे थर द्या. आठवड्यातून एकदा हलवा. तीन-चार महिन्यांत काळं खत होतं. वास आला तर ओलं जास्त झालं असं समजा आणि सुका पाला घाला. उरलेला पाला झाडांच्या आळ्यात पसरा, उन्हाळ्यात पाणी कमी लागतं.

आणि एक. घराभोवती औषध मारायचंच झालं तर आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगा. काकूंचा वेल पुढच्या वर्षी चांगला आला. एक भोपळा त्यांनी आम्हांला दिला, बियाही दिल्या. त्यातल्या काही मी राखून ठेवल्या आहेत. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की एका आळ्यात तीन-तीन लावीन, उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची काढीन.