गांधीलमाशी नावाची तोफ

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्य म्हटलं की आपल्याला टायगर आणि पँथर हे अवाढव्य रणगाडे आठवतात. आज मी बोलणार आहे ते मात्र एका लहानखुऱ्या तोफगाडीबद्दल. तिचं नाव 'वेस्पे', म्हणजे गांधीलमाशी.

आधी तिची गरज का पडली ते पाहू. १९४१ मध्ये जर्मन रणगाडे रशियात शिरले. त्यांच्यामागून येणाऱ्या तोफा ट्रॅक्टरनं ओढल्या जात, पायदळाच्या तर बहुतेक घोड्यांनी. पाऊस पडला की रस्त्यांचा चिखल होई. तोफ आणायची, सोडवायची, रोवायची. मारा झाला की पुन्हा जुंपायची. तोवर रणगाडे कुठल्या कुठे गेलेले असत. तेव्हा तोफेलाच रणगाड्याच्या साखळीपट्ट्यांवर बसवायचं, असं ठरलं.

पण नव्या गाड्या घडवायला सवड नव्हती. हाताशी होता 'पँझर टू' हा हलका रणगाडा. त्याची २० मिलिमीटरची तोफ १९४२ पर्यंत निरुपयोगी ठरली होती. सांगाडा मात्र दणकट होता. अभियंत्यांनी वरचा बुरूज काढून टाकला, मागचं इंजिन मध्यभागी आणलं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. जुन्या वाड्याची लाकडं काढून नवं घर उभारावं, तसाच हा प्रकार. गाडीचं वजन ११ टन, इंजिन १४० अश्वशक्तीचं, वेग ताशी ४० किलोमीटर आणि माणसं पाच. सुमारे १५ किलोचा गोळा ती दहा किलोमीटरहून दूर फेकत असे.

मला यात महत्त्वाची वाटते ती वेगासाठी मोजलेली किंमत. सांगाडा हलका, म्हणून वरचं चिलखत जेमतेम १० मिलिमीटरचं. बंदुकीची गोळी अडेल, रणगाड्याचा गोळा अडणार नाही. वर छप्पर नाही. पाऊस आणि बर्फ थेट अंगावर, आणि डोक्यावर फुटलेल्या गोळ्याचे तुकडेही. तोफ डावी-उजवीकडे थोडीच फिरे. लक्ष्य बाजूला गेलं की अख्खी गाडी वळवावी लागे. आत गोळे मावत फक्त ३२. मिनिटाला पाच सोडले, तर साडेसहा मिनिटांत कोठार रिकामं! म्हणून तोफ न बसवलेल्या १५९ गाड्या केवळ गोळे वाहण्यासाठी बनवण्यात आल्या.

१९४३ च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत या तोफा मोठ्या प्रमाणावर उतरल्या. सोबत १५० मिलिमीटरची मोठी बहीण 'हुमेल', म्हणजे भुंगा, होती. चिलखती डिव्हिजनच्या तोफखान्यात वेस्पेच्या दोन बॅटऱ्या आणि हुमेलची एक, प्रत्येकीत सहा तोफा, अशी रचना असे. ही कीटकांची नावं हिटलरला युद्धयंत्रांना शोभणारी वाटली नाहीत. १९४४ च्या फेब्रुवारीत त्यानं ती वापरू नयेत असा आदेश काढला. कागदावरचं नाव गेलं. इतिहासानं मात्र तेच जपलं.

ही गाडी बनत होती जर्मनीनं व्यापलेल्या पोलंडमध्ये, वॉर्सात. ६७६ तोफा तयार झाल्या आणि १९४४ च्या मध्यावर, सोव्हिएत फौजा जवळ येत असताना, उत्पादन थांबलं. खरं तर वेस्पे ही तात्पुरती सोय होती. मुळापासून नवी तोफगाडी येईपर्यंत तिनं वेळ निभावून न्यायची होती. ती नवी गाडी मोठ्या संख्येनं कधी आलीच नाही आणि तात्पुरती सोय युद्ध संपेपर्यंत लढत राहिली.

कल्पना मात्र टिकली. आपल्याकडे विजयंत रणगाड्याच्या सांगाड्यावर १३० मिलिमीटरची तोफ बसवून 'कॅटापल्ट' तयार झाली, तीही याच वाटेनं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये देवळालीत 'के-नाईन वज्र' तोफ आपल्या सैन्यात दाखल झाली. तिचे तोफची चारी बाजूंनी आणि वरूनही बंद अशा चिलखती बुरुजात बसतात.

श्रोतेहो, शस्त्रांच्या तक्त्यात आपण पल्ला पाहतो, वेग पाहतो, गोळ्याचं वजन पाहतो. मला वाटतं, त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर काय आहे? वेस्पेच्या बाबतीत त्या रकान्यात एकच शब्द लिहावा लागेल, आकाश.